नागिणीचा पट्टा आणि केसपेपरवरचा ‘डर्मॅटोम’

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७२) परवा पोटाच्या उजव्या बाजूला नागीण उठली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि केसपेपरवर ‘हर्पिस झोस्टर, उजवा टी-१० डर्मॅटोम’ असं लिहिलं. नर्सिंगला असलेली भाची म्हणते, डर्मॅटोम म्हणजे कातडी काढायचं यंत्र. ते ऐकून आईच्या डोळ्याला डोळा नाही. त्यात आत्या म्हणते, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही. पुरळ बेंबीपासून पाठीपर्यंत गेलं आहे. काय समजायचं? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी आईंना सांगा, कुणीही कातडी काढणार नाही. भाचीचंही चुकलेलं नाही. ग्रीकमध्ये ‘डर्मा’ म्हणजे त्वचा आणि ‘टोम’ म्हणजे काप. त्यामुळे त्वचेचा पातळ पापुद्रा काढणाऱ्या यंत्राला डर्मॅटोम म्हणतात; भाजलेल्या जखमेवर लावायला मांडीवरून असा पापुद्रा घेतात. आणि मज्जारज्जूतून निघणारी एकेक नस त्वचेच्या ज्या पट्ट्याची जाणीव मेंदूकडे पोचवते, त्या पट्ट्यालाही डर्मॅटोमच म्हणतात. तुमच्या केसपेपरवर हा दुसरा अर्थ आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे या पट्ट्यांशी माझी रोजची गाठ. सिझेरियनआधी कमरेत इंजेक्शन दिलं की मी स्पिरिटचा बोळा आधी बाईच्या खांद्याला लावते. “हे गार लागतंय ना? आता असंच गार कुठे लागतं ते सांगा.” मग बोळा मांडीपासून वर वर नेत जाते. बेंबीशी गार लागलं नाही, तर भूल टी-१० पर्यंत चढली. सिझेरियनला तेवढ्यावर भागत नाही. स्तनाग्रांची पातळी म्हणजे टी-४. तिथपर्यंत गारवा कळेनासा झाला की मगच मी सर्जनना ‘करा सुरू’ म्हणते. ‘टी’ म्हणजे छातीच्या मणक्यांची नस, आणि दहावीचा पट्टा पाठीतून निघून बरगड्यांखालून बेंबीपाशी येतो. वडिलांचं पुरळ नेमकं त्याच वाटेने आलंय.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जारज्जूला लागून नसांच्या छोट्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या गाठीतून उठतो आणि त्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो; तीच नागीण. उजवी नस उजव्याच अंगाला पुरते. पुढे पोटाच्या मध्यरेषेशी आणि मागे मणक्याशी तिची हद्द संपते. म्हणून नागिणीचा विळखा पुरा होत नाही. इंग्लंडमधल्या हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांचं पुरळ आणि शवविच्छेदनात दिसलेल्या त्या गाठी यांची सांगड घालूनच या पट्ट्यांचा नकाशा काढला होता.

माझ्या आजीला नागीण झाली तेव्हा मी सातवीत होते. पुरळावर गेरूचा लेप असायचा. सकाळी आजी लुगड्याचा पदर सारून पाठ माझ्याकडे करायची आणि विचारायची, “किती राहिलं गं?” मी मणक्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजायचे. चार बोटं. मग दोन. मग पुरळ मणक्याला टेकलं आणि तिथेच थांबलं. त्या दिवशी आजी पहिल्यांदा पोटभर जेवली. पण गेरू आणि मंत्र यांत आठवडा गेला होता. फोड वाळले, ठणका मात्र राहिला. पुढे वर्षभर तिला त्या जागी साधी चोळीही सोसत नव्हती. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. तुमच्या डॉक्टरांनी त्या वेळेवर दिल्या, हे फार चांगलं झालं.

कंबरदुखीतही हा नकाशा उपयोगी पडतो. कळ पायाच्या अंगठ्याकडे उतरली तर कमरेच्या पाचव्या नसेवर दाब असावा, करंगळीच्या कडेला उतरली तर त्याखालच्या. या रेघा मात्र शेताच्या बांधासारख्या पक्क्या नसतात. शेजारचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून एकच नस दुखावली तर जागा सहसा पूर्ण बधीर होत नाही. आणि बधीरपणा या पट्ट्यांत बसतच नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं : दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा असेल तर मधुमेह, फिकट चट्ट्यापुरता असेल तर कुष्ठरोग.

आत्यांच्या भीतीत एवढंच खरं, की पुरळ दोन्ही अंगांना किंवा सर्वांगावर पसरू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असू शकते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असते, तर मी तुम्हाला तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. गोळ्यांचा कोर्स पुरा करा. फोडांवर गेरू लावला असेल तर हलक्या हाताने धुऊन टाका, आणि कपडे सुती, सैल घाला. घरात तान्हं मूल किंवा कांजिण्या न झालेली गरोदर बाई असेल, तर फोडांवर खपली धरेपर्यंत वडिलांचा टॉवेल आणि अंथरूण वेगळं ठेवा.