कंसातली ती ओळ

कॅनडातल्या मिसिसागाहून आलेलं पत्र चार पानी आहे. मुलगा १९ वर्षांचा, युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला. धुवायला टाकलेल्या हुडीच्या खिशात गमीजचं, म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोळ्यांचं, पाकीट सापडलं, मग बॅगेत गांजा चुरायचा ग्राइंडर. "ताई, तो म्हणतो, लीगल आहे. हे म्हणतात, आम्हीपण हॉस्टेलवर ओढलाय, शिवरात्रीला भांग प्यायलोय, काय झालं आम्हाला? घरात मीच वेडी ठरतेय." पुढे प्रश्न: व्यसन लागेल का, करिअरचं काय, मंडळातल्या लोकांना कळलं तर? आणि तिसऱ्या पानावर, कंसात: "(माझे मोठे दीर जरा विक्षिप्त होते, पण घरात तो विषय काढत नाहीत.)"

अहो, पत्र इथून सुरू करायला हवं होतं तुम्ही!

गांजा घेणाऱ्या बहुतेकांना वेड लागत नाही, हे आधी सांगते, नाहीतर आज रात्री झोपायच्या नाहीत. पण रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसला आजार असेल, तर त्या घरातल्या पोराचं गणित वेगळं. स्वीडनमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या ४५ हजारांवर तरुणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. १९८७ साली तो अभ्यास छापून आला. ५० हून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. आणि तो माल तेव्हाचा! १९९५ च्या सुमारासही अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, सरासरी ४ टक्के असायचं. तुमच्या ओंटारिओच्या दुकानात आज २० टक्क्यांच्या वरचं सहज मिळतं. यजमानांना म्हणावं, तुमच्या हॉस्टेलच्या गोष्टी राहू द्या.

आता आमच्या घरचं. माझा धाकटा मामा वाईच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत असायचा. आम्हा मुलांना सांगितलेलं, "नानाला बाहेरचं झालंय." गाणगापूरला नेऊन आणलं. पुढे पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या हळदीच्या डब्यामागे लपवलेल्या असत. मुलींची लग्नं व्हायची होती ना!

चाळीस वर्षांनी माझ्या बहिणीचा मुलगा, कॅल्गरीत शिकणारा, रोज ओढायला लागला. त्याने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर निळी चिकटपट्टी लावली. ठीक आहे, बरेच जण लावतात. मग स्मोक अलार्मवर लावली. मग बाथरूमच्या आरशाच्या चारी कडांना. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाला मानसिक आजार? बहीण म्हणाली, नाही. मी शेजारीच बसले होते, आणि मीही गप्प बसले. पोराला "परीक्षेचा ताण" म्हणून घरी पाठवलं. सहा महिने गेले त्यात.

म्हणून लाल डोळे नि कपड्यांचा वास हुंगत बसू नका. लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं त्याला वाटतं का? एकटाच हसतो, पुटपुटतो का? रात्रभर जागा, अंघोळ नाही, जुने मित्र तुटले? यातलं काही दिसलं तर गांजा थांबला की बघू, म्हणून वाट पाहू नका. ओंटारिओत पहिल्या सायकोसिससाठी (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) खास उपचार केंद्रं आहेत. फॅमिली डॉक्टरांना नेमका 'सायकोसिस' हाच शब्द वापरून विचारा, आणि दिरांचं नाव पहिल्या पाच मिनिटांत काढा.

मुलालाही सांगा. भांडणात नको, गाडीत शेजारी बसून सांगा. "काकाला बहुधा असा आजार होता, म्हणून तुझ्या मित्रांना जे चालतं ते तुला चालेलच असं नाही." १९ वर्षांच्या पोराला हे कळतं हो. आपणच त्याला कुक्कुलं बाळ समजतो.

राहिलेले प्रश्न. व्यसन लागू शकतं. दोन दिवस घेतलं नाही की झोप-भूक उडून घरभर चिडचिड होत असेल, तर लागलंय. वारंवार उलट्या आणि कढत पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटणं, हेही गांजाचंच लक्षण असू शकतं. गमीजचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यात दुसरी खाऊन गाडीची किल्ली उचलणारे असतात. किल्ली तुमच्याकडे ठेवा. करिअरचं नंतर बघू. मंडळाचं तर सोडाच, तिथे मोदकाची पारी फाटली तरी वर्षभर चर्चा पुरते.

सासूबाईंना फोन करा. दिरांना नेमकं काय झालं होतं, कुठल्या गोळ्या चालू होत्या, विचारा. त्या चिडतील. माझ्या आईने दोनदा फोन आपटला होता, तिसऱ्यांदा तासभर बोलली. आणि डिसेंबरात भारतात निघाल तेव्हा त्याच्या सगळ्या जॅकेटांचे खिसे तुम्ही स्वतः उलटे करा. ते लीगलबिगल टोरंटोच्या पिअरसन विमानतळापर्यंतच.