सातवी-नववीतल्या मुलांना मराठी कादंबरीची गोडी लागावी म्हणून कोणती पुस्तकं द्यावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, मुलगी नववीत, दोघंही इंग्रजी माध्यमात. घरी मराठी छान बोलतात, इंग्रजी कादंबऱ्या दोन-तीन दिवसांत संपवतात, पण मराठी पुस्तक चार पानं वाचून मिटून ठेवतात. तुम्ही 'श्यामची आई' आणलं, मग 'मृत्युंजय' आणलं. दोन्ही तशीच पडून आहेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि सोळा वर्षांपासून शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडे आहे. चार कपाटं आणि एक देवघेवीचं रजिस्टर, एवढंच. पण कोणतं पुस्तक मुलांना खरंच आवडतं हे मला त्या रजिस्टरानेच शिकवलं. नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, आणि त्याखाली लगेच त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं नाव. असं नावाखाली नाव आलं की समजायचं, पुस्तकाची चर्चा डबा खाताना झालेली आहे.

पहिल्याच वर्षी मी सहावीतल्या एका हुशार मुलाला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं म्हणून कौतुकाने 'मृत्युंजय' दिलं होतं. तीन आठवड्यांनी त्याने ते परत आणलं. बसच्या तिकिटाची खूण चौदाव्या पानावर होती. त्यानंतर वर्षभर तो कपाटाकडे फिरकला नाही. 'मृत्युंजय' थोर आहे, मी स्वतः ते अकरावीत झपाटल्यासारखं वाचलं होतं. पण तो मुलगा अकरा वर्षांचा होता आणि माझी निवड चुकली होती. तेव्हापासून पहिलं पुस्तक देताना मी दोनच गोष्टी बघते. गोष्टीतलं मूल वाचणाऱ्याच्या वयाचं आहे का, आणि मराठी बोलल्यासारखं आहे का. लेखक किती मोठा, हे नंतर.

तुमच्या मुलासाठी माझं पहिलं उत्तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वीसएक पुस्तकांची मालिका आहे, कुठूनही सुरू करता येते. बनेश फेणे हा हाडकुळा मुलगा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला. सायकल सुसाट, तोंडात ते प्रसिद्ध 'ट्टॉक्', आणि नाक खुपसलं की प्रकरण तडीस नेल्याशिवाय सोडायचं नाही. तुम्ही पिंपरीत राहता, म्हणजे फुरसुंगी मुलांना नकाशावर माहीत असणार, आणि आपल्या ओळखीच्या गावचा पोरगा चोरांच्या मागे लागतो यात वेगळीच मजा असते. आमच्याकडचं 'फास्टर फेणे टोला हाणतो' इतक्यांदा फिरलंय की त्याला दोनदा बाइंडिंग करावं लागलं. एका मुलाने परत दिलं तेव्हा मुखपृष्ठावर सायकलच्या चेनच्या ग्रीसचा अंगठा उमटला होता. चेन बसवता बसवता वाचत होता म्हणाला. तो डाग मी पुसला नाही.

एक अडचण मात्र येते. ट्रंक कॉल, टांगा, तार हे शब्द आजच्या मुलांना अडतात. ते आधी समजावून सांगू नका, विचारलं तरच सांगा. बहुतेक मुलं विचारत नाहीत, अंदाजाने पुढे जातात. इंग्रजी कादंबऱ्या वाचतानाही ती तेच करत असतात.

खरी अडचण डोळ्यांची असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचा देवनागरी वाचायचा वेग कमी असतो, जोडाक्षरं आली की गाडी थांबते, आणि वेग कमी म्हणून गोष्ट कंटाळवाणी वाटते. मुलाला वाटतं मराठी पुस्तकंच कंटाळवाणी. म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. जेवणं झाल्यावर वीस मिनिटं, आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटून टेबलावर ठेवून उठा. माझ्या अनुभवात तीस-चाळीस पानं गेली की वेग येतो. तेवढीच पानं कुणीतरी हात धरून पार करून द्यायची असतात.

दोघांनाही एकत्र आवडेल असं एकच पुस्तक विचाराल तर मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' सांगेन. त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. काटेकोर बोलायचं तर या कथा आहेत, पण नायक एकच, लंपन, आणि ओळीने वाचल्या की एक मोठी कादंबरीच होते. आईवडिलांपासून दूर, कर्नाटक सीमेवरच्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. त्याचं मराठी कानडीच्या वळणाचं, त्याला सगळं 'मॅडसारखं' होतं, आणि तो कुठलीही गोष्ट हजारांतल्या आकड्यांत मोजतो. आमच्या आठवीच्या वर्गात हे पुस्तक फिरलं तेव्हा महिनाभर सगळी मुलं 'मॅड' म्हणत होती. गणिताच्या सरांनी मला विचारलं, हे काय नवीन. मला त्या महिन्याइतका आनंद नोकरीत फारसा झालेला नाही.

लंपनमध्ये घटना फार नसतात. एक जत्रा, एक गाण्याचा क्लास, शेजारची सुमी, तिच्याविषयी वाटणारं आणि सांगता न येणारं काहीतरी. तरी मुलं थांबतात, कारण आपल्या मनात चाललेलं कुणीतरी जसंच्या तसं पकडलंय असं त्यांना वाटतं. पुढच्या भागांत घरातल्या मृत्यूचं दुःखही येतं. ते लपवायची गरज नाही, फक्त त्या दिवसांत तुम्ही आसपास असा.

आता मुलगी. नववीत आहे, तर मिलिंद बोकीलांची 'शाळा' तिला याच वर्षी मिळायला हवी. मुकुंद जोशी नववीत आहे, आणीबाणीचा काळ आहे, मित्रांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आहे, आणि वर्गातल्या शिरोडकरवर त्याचा जीव जडलाय. यात शिव्या आहेत. मुलं मुलींविषयी जसं बोलतात तसं बोलतात. एका पालकांनी त्यावरून माझ्याकडे तक्रार केली होती. मी त्यांना म्हटलं, घरी नेऊन आधी तुम्ही पूर्ण वाचा, मग ठरवू. त्यांनी वाचली, आणि परत करायला आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नववीबद्दलच अर्धा तास बोलत होते. तुम्हीही आधी वाचा. तुमच्या मुलीला नववी मुलग्याच्या नजरेतून दिसेल, आणि मुलांच्या घोळक्यात चाललेलं आतून बघायला मिळणं या वयात मुलींसाठी मोलाचं असतं असं मला वाटतं.

अनुवादांना कमी लेखू नका. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद 'पाडस' हे मराठीतल्या सुंदर पुस्तकांपैकी एक आहे, मूळ मराठी आणि अनुवादित सगळी धरून. फ्लॉरिडाच्या रानात राहणारं गरीब कुटुंब, बारा वर्षांचा ज्योडी. बापाला साप चावतो. विष उतरवण्यासाठी तो तिथल्या तिथे एक हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. बाप वाचतो, पण हरिणीचं पिल्लू पोरकं होतं, आणि ज्योडी ते घरी आणतो. पुढचं सांगत नाही. आमच्याकडे एका मुलीने ते मधल्या सुट्टीत संपवलं आणि घंटा झाल्यावरही ती ग्रंथालयाच्या पायरीवर बसून राहिली. मी तासाला जायला सांगितलं नाही. जाड आहे, त्यामुळे मुलाला अजून दोन वर्षांनी द्या.

शांता शेळके यांचा 'चौघीजणी' हा असाच अनुवाद, चार बहिणींची गोष्ट, आणि मुलीला सुरुवातीला हवं असेल तर 'शाळा'च्याही आधी. इथे माझी एक खंत सांगते. मराठीत बारा-पंधरा वर्षांची मुलगी मध्यभागी असलेल्या कादंबऱ्या फार थोड्या आहेत. सायकल, रान, चोरांचा पाठलाग हे सगळं मुलग्यांच्या वाट्याला. दरवर्षी एखादी मुलगी मला विचारते, 'बाई, मुलीची फास्टर फेणे नाही का?' आणि माझ्याकडे तिला देण्यासारखं कपाटात काही नसतं. कुणी लिहिणारे हे वाचत असतील तर खरंच लिहा.

विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकर. कादंबरी हवी तर 'वामन परत न आला', आधी कथा हव्या तर 'यक्षांची देणगी'. मुलांना त्यांची एक गोष्ट सांगून मग पुस्तक हातात द्या. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःचं नाव लपवून कथा पाठवली. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हे ऐकल्यावर मुलं स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करत बसतात आणि पुस्तक आपोआप घरी जातं.

पुढच्या वर्षी, मुलगी दहावीच्या सुट्टीत असेल तेव्हा, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. छोटी आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, आणि शाळेत मुलंच नाहीत. दुष्काळाची शेवटची पानं मी वर्गात मोठ्याने वाचते तेव्हा माझा आवाज दरवर्षी त्याच जागी अडकतो. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा'ही याच वयाची, वेगवान, आणि अन्यायाविरुद्ध उभं राहणं म्हणजे काय ते अंगावर काटा आणून दाखवणारी. आनंद यादवांची 'झोंबी' त्यानंतर. शिकू न देणाऱ्या बापाशी झगडत शाळा धरून ठेवणाऱ्या मुलाची ती गोष्ट लांब आहे, पण सोडवत नाही.

राहिलं 'श्यामची आई'. ते परत कपाटात ठेवू नका, फक्त वेगळ्या रीतीने काढा. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, आणि ते रात्रींमध्ये विभागलेलं आहे. प्रत्येक रात्र स्वतंत्र. पहिल्या पानापासून सुरुवात करायची सक्ती नाही. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने बडवत विहिरीवर धाडते, ती रात्र आधी वाचून दाखवा. मुलाला वाटत असतं की हे पुस्तक म्हणजे उपदेश. ती रात्र ऐकून तो विचारेल, 'आईने मारलं?' तिथून बोलणं सुरू होऊ द्या. 'बघ, श्याम कसा होता' हे वाक्य मात्र चुकूनही उच्चारू नका, त्या एका वाक्याने हे पुस्तक कितीतरी घरांत मिटलंय.

विकत घेण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग बघून या, मुलांना बरोबर घेऊन. मुलं आपण निवडलेलं पुस्तक जास्त चिकाटीने वाचतात. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. ज्या दिवशी अख्खी कादंबरी नको वाटेल त्या दिवशी त्यातली एक गोष्ट पुरते.

या शनिवारी फास्टर फेणेचं कुठलंही एक आणि 'वनवास', एवढी दोनच आणा.