नवीन टर्बो स्पोर्ट्स कूपेवर मुंबईत स्टेज वन रिमॅप केला तर किती एचपी वाढतील? इंजिन टिकेल का?

स्टेज वन म्हणजे फक्त इसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर (मॅप) बदलणं. तीन लिटर, सहा सिलिंडरची टर्बो असेल आणि पेट्रोल चांगलं असेल तर साठ-सत्तर एचपी मिळतात. इंजिनाच्या धातूची काळजी सोडा. बीएमडब्ल्यूच्या बी५८ किंवा एस५८ इंजिनाचा क्लोज्ड डेक (सिलिंडरना वरून भरीव धातूचा आधार असलेला) ब्लॉक याहून बरंच जास्त सोसतो. मला चीड येते ती एका वाक्याची: "नॉक सेन्सर आहे ना, तो सांभाळून घेईल." नॉक म्हणजे सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं; सेन्सर तो धक्का ओळखतो आणि इसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो. यावर मी वर्षानुवर्षं भांडत आलोय.

मे महिन्यात अशीच एक गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चढली. परदेशात ९८ ऑक्टेनवर (ऑक्टेन जास्त तर नॉक कमी) लिहिलेला तयार मॅप, टाकीत अर्धं १०० ऑक्टेन आणि वर हायवेच्या पंपावरचं साधं पेट्रोल. पहिल्या रनला झकास, तिसऱ्याला मेलेली. चौथ्या गिअरात २,५०० ते ६,५०० आरपीएमचे लॉग (सेन्सरच्या नोंदी) काढले. इनटेकची हवा पहिल्या रनला ४६ अंश, तिसऱ्याला ६८. तिसऱ्या आणि सहाव्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) साडेचार-पाच डिग्री मागे खेचलेलं. ४,२०० च्या पुढे पाय पूर्ण दाबलेला असूनही थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) ६० टक्क्यांवर.

सेन्सरने सांभाळलं ते असं. टायमिंग मागे गेलं की पेट्रोल उशिरा जळतं, उष्णता पिस्टनऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बो आणखी तापतो, पुढची हवा आणखी गरम येते आणि पुन्हा नॉक. शिवाय आजचा इसीयू टॉर्कच्या (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या) हिशोबावर चालतो. मॅपमध्ये बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला पण टॉर्कची मर्यादा आणि मॉडेल तसंच ठेवलं, तर हिशोब जुळत नाही म्हणून तो थ्रॉटल बंद करतो. टर्बो बंद दारावर हवा ढकलत बसतो.

त्या गाडीत आणखी एक गोष्ट सापडली. आधीच्या गॅरेजने कूलंट बदलताना इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) वेगळ्या कूलंट सर्किटमधली हवा काढलीच नव्हती. ती काढायची रीत अशी: इग्निशन चालू, हीटर कमाल तापमानावर, पंखा सर्वात कमी, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरायचा. पंप साधारण बारा मिनिटं फिरतो. एवढंच काम होतं. मग स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर नेणारे), गॅप ०.५५ मिमी, बूस्ट १.४ बारवरून १.१, आणि ३,००० ते ४,५०० मध्ये टायमिंग तीन डिग्री कमी. कागदावर पंचवीसेक एचपी गेले, पण तिसरा रन पहिल्यासारखाच आला आणि टायमिंगचं करेक्शन (इसीयूने मागे खेचणं) एका डिग्रीच्या आत राहिलं. वाकोल्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहून निघणाऱ्या गाडीला तिसराच रन कामाचा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल लोक उगाच घाबरतात. इथेनॉल नॉक कमीच करतं. अडचण प्रमाणाची आहे: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन. म्हणून लॉगमध्ये हाय प्रेशर पंपाचा रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) बघा. वरच्या आरपीएमला तो टार्गेटपासून घसरत असेल तर बूस्ट वाढवणं तिथेच थांबवा. आणि १,५०० आरपीएमला सहाव्या गिअरात पूर्ण पाय देऊ नका. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत तिथे प्री-इग्निशन (ठिणगीआधीच पेटणं) होऊ शकतं, ज्यातून पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटते. तेल एपीआय एसपी दर्जाचंच घाला.

तुम्ही कुठली गाडी ते लिहिलं नाही. २०२० च्या मध्यानंतरची बीएमडब्ल्यू असेल तर इसीयू लॉक असतो, आधी अनलॉक करावा लागतो. २०२४ ची ९११ जीटीएस हायब्रिड असेल तर नाद सोडा. तिच्या टर्बोला वेस्टगेटच (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) नाही, बूस्ट इलेक्ट्रिक मोटर आवरते.

हो, वॉरंटी जाईल हे धरून चाला आणि विमा कंपनीला कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

लॉग डायनोवरच काढा. रात्री कोस्टल रोडवर नको. तिथली मर्यादा ८०, बोगद्यात ६०, आणि चौथ्या गिअरात ६,५०० ला अशी गाडी दीडशेच्या आसपास असते.