वाचक विचारतात : इंग्रजी येतं, पण बोलताना गाडी अडते

प्रश्न : सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. इंग्रजीतले ड्रॉइंग, रिपोर्ट, मेल सगळं जमतं. पण व्हिडिओ कॉलवर आधी मनात मराठी वाक्य जुळवतो, मग त्याचं इंग्रजी करतो. तोवर दुसराच कुणी बोलून मोकळा होतो. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करू का?

उत्तर : व्याकरणाचं पुस्तक कपाटातच राहू द्या. बिनचूक मेल लिहिणाऱ्याचं व्याकरण कच्चं नसतं, ते फक्त वेळेवर तोंडात येत नाही. अडचण आहे ती वाक्याच्या बांधणीत. ‘काल दुसऱ्या पाळीत आलेल्या लॉटमधले बारा पीस आम्ही रिजेक्ट केले’ या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग हवं: ‘वी रिजेक्टेड ट्वेल्व्ह पीसेस’. लॉट, पाळी, काल हे सगळं त्याच्या मागून. मराठी वाक्य पुरं जुळवलंत तर ते शेपटाकडून उलगडत यावं लागतं आणि कॉलवर तेवढी सवड कुणी देत नाही. तेव्हा तोंड उघडताना दोनच गोष्टी ठरवा: कोणी आणि काय केलं. बाकीचं बोलता बोलता जोडत जा.

सोबत वीसेक तयार तुकडे पाठ असू द्यात. ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टु यू’, ‘वी आर स्टिल वेटिंग फॉर’, ‘द रीझन इज दॅट’ असे. हे अख्खे बाहेर पडतात आणि तेवढ्यात पुढचं वाक्य सुचायला दोन सेकंद मिळतात.

सरावासाठी ‘चार-तीन-दोन’ ही पद्धत घ्या. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्यावर लिहिलं होतं. या आठवड्यात कामावर जे घडलं त्यातला एक विषय निवडा. चिठ्ठीवर पाच-सहा शब्द लिहा, वाक्यं नकोत. फोनवर टायमर आणि रेकॉर्डिंग लावून न थांबता चार मिनिटं बोला. मग तोच मजकूर तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. मूळ पद्धतीत दर वेळी ऐकणारा नवा असतो, एकट्याला फोन पुरतो. पहिल्या खेपेला डोकं मुद्दे आणि शब्द शोधण्यात गुंतलेलं असतं. तिसऱ्या खेपेला दोन्ही हाताशी असतात, म्हणून वेग येतो. दर वेळी नवा विषय घेणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे पूर्ण भाषण लिहून काढणं, मग ते वाचन होतं. तिसरी जरा लपलेली आहे: चुकीचं वाक्य तीनदा म्हटलं की चूकच पक्की होते. म्हणून चार मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकून एक-दोनच चुका दुरुस्त करा आणि मग तीनकडे वळा.

आपल्याकडची हमखास चूक ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’. ‘मार्चपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींना आपला ‘पासून’ चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इअर्स’.

पंधरवड्याने एक मिनिटाचं रेकॉर्डिंग शब्दशः कागदावर उतरवा आणि जिथे थांबलात तिथे तिरपी रेघ मारा. रेघा वाक्य संपल्यावर पडत असतील तर काळजी नको, जन्मापासून इंग्रजी बोलणारेही तिथे थांबतात. ‘वी रिजेक्टेड’ आणि ‘ट्वेल्व्ह’ यांच्या मधे पडल्या तर ऐकणाऱ्याला खटकतं. त्याच शब्दापाशी रेघ पुन्हा पुन्हा येत असेल तर सराव त्या शब्दाचा करा.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत पाहुण्यांना फिरवून माहिती देते. परदेशी पाहुणे दर दोन वाक्यांनी ‘सॉरी?’ विचारतात. ब्रिटिश ढंगात बोलायला शिकावं का?

उत्तर : ढंग मराठीच राहू दे, त्याने काही अडत नाही. तुमच्या कामात नेमका घोटाळा होतो तो द्राक्षवेलीच्या ‘व्हाइन’चा आणि बाटलीतल्या ‘वाइन’चा. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधला आहे. त्यात ओठ ना दाताला टेकतो, ना गोल होतो. वेलीसाठी खालचा ओठ वरच्या दातांना हलका टेकवून आवाज घुमवा. (लिहिताना आपण ‘व्ह’ करतो, पण त्यातला ‘ह’ तोंडात आणायचा नाही.) वाइनसाठी ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल, दातांचा संबंधच नाही. आरशासमोर दोन्ही शब्द आलटून पालटून रोज वीस वेळा म्हणा. आणि द्राक्षबागेच्या शब्दाचा उच्चार ‘वाइनयार्ड’ नव्हे, ‘व्हिन्यर्ड’ आहे, जोर पहिल्या अक्षरावर.

जोराचा मुद्दा ‘व’पेक्षाही मोठा. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर ठळक आणि बाकीची दबलेली असतात. ऐकणारा शब्द ओळखतो तो त्या ठळक अक्षरावरून. ‘डेव्हलप’मध्ये आपण ‘डे’वर जोर देतो, तो ‘व्हे’वर हवा, ‘व्हरायटी’त ‘रा’वर. तुमच्या फेरीतले चाळीस शब्द काढा आणि शब्दकोशात बघा: जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. जाड रबर दोन्ही हातांत धरून त्या अक्षरावर ताणायचं. पोरखेळ वाटेल, पण जोर कुठे पडतो ते हाताला कळतं. किंमत सांगताना ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत गफलत झाली तर हिशेबच चुकतो, म्हणून ‘वन थ्री, थर्टीन’ असं आकडे फोडून सांगा.

प्रश्न : पंचवटीत राहते, वय ५४. घरात इंग्रजी बोललं की मुलं हसतात. बोलायला दुसरं कुणी नाही.

उत्तर : मग मुलांसमोर बोलू नका, एवढं सोपं आहे. भाजी चिरताना हाताने जे करता ते पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत सांगत राहा. अडलेला शब्द मराठीत म्हणून पुढे चला, नंतर शोधा. एखाद्या मैत्रिणीशी रोज मिनिटाभराचे व्हॉइस मेसेज ठरवून घ्या. तिघी जमलात तर वरचं चार-तीन-दोन एकमेकींना सांगून करता येईल. मोठ्याने वाचल्याने जीभ वळते, पण वाक्य दुसऱ्याचं असतं, म्हणून केवळ त्याने बोलणं सुधारत नाही. या वयात उच्चाराची मराठी छटा जाणार नाही. ओघ मात्र येतो.

प्रश्न : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय. तिथे कार्डावर दिलेल्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, माझं पन्नास सेकंदांत संपतं.

उत्तर : तयारीच्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका, कार्डावरच्या प्रत्येक मुद्द्यासमोर दोन शब्द लिहा: एक ‘का’साठी, एक उदाहरणासाठी. चार मुद्द्यांना प्रत्येकी तीन वाक्यं झाली की दीड मिनिट सहज भरतं. पाठ केलेली उत्तरं टाळा. प्रश्न जरा वळला की ती कोसळतात, आणि परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं. गुणांचे चार निकष समान वजनाचे आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. म्हणून एखादा भारी शब्द आठवेपर्यंत पाच सेकंद गप्प राहण्यापेक्षा साधा शब्द वापरा आणि पुढे चला.