बीकॉम झालोय, वय २५. घरी बसून ऑनलाइन वेब डेव्हलपमेंट शिकून नोकरी मिळेल का? किती महिने लागतील? लॅपटॉप कोणता घेऊ?

मिळते. मी बार्शीत बीएस्सी केलं, तेही केमिस्ट्रीत, आणि आज पुण्यात एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवतो. मला १४ महिने लागले. त्यातले पहिले पाच मी वाया घालवले, म्हणून आधी ते सांगतो.

सवलतीत मिळाला म्हणून मी रिॲक्टचा कोर्स घेतला. रिॲक्ट म्हणजे जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत पानं बांधायचं तयार सामान. सर टाइप करायचे, मीही टाइप करायचो. त्यांचं चालायचं, माझंही चालायचं. टू-डू लिस्ट झाली, हवामानाचं ॲप झालं, एका सिनेमावाल्या साइटची नक्कलही झाली. एके दिवशी व्हिडिओ बंद करून कोऱ्या फाइलसमोर बसलो, तर साधं एक बटण पानाच्या मधोमध आणता येईना. रिॲक्ट येत होतं, पण पान कसं दिसावं हे सांगणारं साधं सीएसएस येत नव्हतं! पोहायला शिकायचं म्हणून पाच महिने काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघितल्यासारखं झालं.

मग उलटा फिरलो. फ्रीकोडकॅम्प ही २०१४ पासून फुकट शिकवणारी संस्था आहे, तिथलं एचटीएमएल (पानावर काय काय असावं हे सांगणारी भाषा) आणि सीएसएस पहिल्यापासून केलं. शेवटी पाच पानं स्वतःची स्वतः बनवावी लागतात, ती अजिबात टाळू नका. अडलं की मोझिलाचं एमडीएन उघडायचं, तिथे या भाषांची सगळी माहिती फुकट वाचायला मिळते. ओडिन प्रोजेक्ट हा ऑनलाइन कोर्सही फुकट आहे आणि जरा जास्त कडक आहे. या तिघांपैकी एक धरा आणि सोडू नका, मी तिन्ही अर्धवट धरून बघितलेत.

तुम्ही मराठी माध्यमातले असाल तर एक गंमत सांगून ठेवतो. सीएसएसमध्ये कलर आणि सेंटर या शब्दांचं स्पेलिंग अमेरिकन आहे. शाळेत घोकलेलं ब्रिटिश स्पेलिंग लिहिलंत तर ती ओळ नुसती गप्प बसते, एररही देत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. इंग्रजीची भीती मात्र धरू नका. एररमधले शब्द फार तर चाळीस-पन्नास असतील, तेच तेच येतात.

आता मुद्द्याचं. माझं जे काम नोकरीला उपयोगी पडलं ते दिसायला कुरूप होतं. करमाळा तालुक्यात माझ्या मामांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), त्यावरून दर आणि दहा दिवसांनी बिल, हे सगळं वहीत. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्यापुढे पॉइंटनुसार वर-खाली. मी म्हटलं, "मामा, फोनवर हिशेब करून देतो." ते म्हणाले, "कर. पण वही मी बंद करणार नाही."

पहिल्याच संध्याकाळी दोन गाईंच्या एका उत्पादकाचं दिवसाचं दूध १२९ लिटर दिसलं. मामा हसून हसून खाली बसले. खालच्या ओळीत लिटरच्या जागी 'नॅन' आलं, तर विचारतात, "हा नॅन कोण रे?" झालं असं होतं की पानावरच्या रकान्यात टाकलेला आकडा जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतो. ब्रेंडन आइकने १९९५ साली दहा दिवसांत उभी केलेली ही भाषा, तिच्यात अधिकची खूण आकड्यांची बेरीजही करते आणि मजकूर एकापुढे एक चिकटवतेही. सकाळचे १२ आणि संध्याकाळचे ९, झाले १२९. सकाळचे १२.५ आणि संध्याकाळचे ९.५, तर १२.५९.५, असा काही आकडाच नाही, म्हणून नॅन, म्हणजे 'नॉट अ नंबर'. मी घरी तपासताना फक्त सकाळचं दूध टाकायचो, संध्याकाळचा रकाना रिकामा असायचा. त्यामुळे सगळं बरोबर दिसत होतं.

पण खरा घोळ तिसऱ्या ओळीत होता, आणि तिच्यावर कुणी हसलं नाही. सकाळी १२.५, संध्याकाळी ९, पानावर १२.५९ लिटर. चांगला शहाणासुरता आकडा! गुणाकाराला तो चालतो, म्हणून रक्कमही निघाली. त्या माणसाचं जवळजवळ नऊ लिटर दूध माझ्या पानाने गिळलं. वहीशी ताळा केला तेव्हा कळलं.

दुसऱ्या महिन्यात मामेभावाने फोन हळू चालतो म्हणून ब्राउझरचा सगळा साठा पुसला आणि नऊ दिवसांच्या नोंदी गेल्या. मी त्या ब्राउझरच्याच लोकल स्टोरेजमध्ये ठेवल्या होत्या. वही होती म्हणून वाचलो. डेटाबेस कशाला लागतो हे मला कुठल्या व्हिडिओने नाही, त्या दिवशी कळलं. मग नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायचं साधन) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस शिकलो, आणि यावेळी कशासाठी शिकतोय हे माहीत होतं.

मी साधारण दीडशे ठिकाणी अर्ज केले. नऊ फोन आले, तीन मुलाखती झाल्या. पहिल्या दोन ठिकाणी टू-डू लिस्ट दाखवली, कुणी लिंक उघडूनही पाहिली नाही. तिसऱ्या ठिकाणी डेअरीचं पान दाखवलं आणि १२.५९ ची गोष्ट सांगितली. समोरचे सर पुढे सरकून बसले. "मग आता तपासताना काय काय टाकता?" मी म्हटलं, रिकामा रकाना, पूर्ण आकडा, दशांश, शून्य आणि चुकून पडलेलं अक्षर. पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. पगार सुरुवातीला १८ हजार होता. पुण्यात भाडं देऊन त्यात काही उरत नाही, हेही धरून चला.

तुम्ही बीकॉम आहात. तुमच्या ओळखीत कुणाचा तरी हिशेब वहीत असणारच: भिशी, मेस, किराण्याची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं. जीएसटी आणि जमा-खर्च तुम्हाला कळतो, जो माझ्या टीममधल्या निम्म्या इंजिनिअरांना कळत नाही. तिथून विषय उचला. कोड पहिल्या दिवसापासून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या साइटवर ठेवा, साधी पानं तिच्याच गिटहब पेजेसवर फुकट चढतात. दुसऱ्यांचे फोन नंबर आणि खरी नावं मात्र तिथे टाकू नका.

एआयला विचारा, पण "लिहून दे" म्हणू नका, "माझं कुठे चुकलं" असं विचारा. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून लिहायला लावतात तेव्हा पाच मिनिटांत पितळ उघडं पडतं. नवख्यांना दार मी लागलो तेव्हापेक्षा अरुंद झालंय असं मला वाटतं, त्यामुळे हातातली नोकरी असेल तर ती सोडून शिकू नका. मी दुकानात हिशेब लिहीत रात्री नऊ ते अकरा बसायचो.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या एका क्लासने माझ्या मित्राकडून ४५ हजार घेतले आणि प्लेसमेंट म्हणून कॉल सेंटरचा पत्ता दिला. नोकरीसाठी आधी पैसे किंवा मूळ मार्कशीट मागणाऱ्याकडे तर दुसऱ्यांदा जाऊच नका.

लॅपटॉप जुना चालेल. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) एवढं बघा, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. घेताना बॅटरीवर अर्धा तास चालवून बघा. माझा दहा मिनिटांत बंद पडायचा आणि आमच्याकडे लाइट रात्री नऊलाच जायची.