सर्वाधिक रणगाडे उडवणारा सोव्हिएत टँक कमांडर कोण?

दिमित्री लाव्रिनेन्को. सोव्हिएत नोंदींनुसार २८ लढायांत ५२ जर्मन रणगाडे, तेही १९४१च्या अवघ्या काही महिन्यांत.

कुबान भागातला हा शिक्षक १९३४मध्ये सैन्यात गेला. आधी घोडदळ, मग उल्यानोव्स्कची टँक शाळा. नाव झालं ते ऑक्टोबर १९४१मध्ये रशियातल्या म्त्सेन्स्क शहराजवळ, कर्नल कातुकोव्हच्या ४थ्या टँक ब्रिगेडमध्ये.

त्याचं खरं कौशल्य दबा धरण्यात होतं. आपला टी-३४ रणगाडा झाडीत लपवायचा, शत्रू जवळ येऊ द्यायचा, अचानक मारा करायचा आणि लगेच जागा बदलायची. जागा बदलली नाही, तर तोफेच्या झोतावरून ठिकाण कळतं. त्यातच त्या टी-३४मध्ये चारच माणसं. नेम धरून तोफ डागायचं कामही कमांडरकडेच, त्यामुळे आजूबाजूला बघायला उसंत नसे. म्हणून जागा आधी नीट हेरून ठेवणं फार मोलाचं.

१८ डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या २७व्या वर्षी, मॉस्कोजवळच्या वोलोकोलाम्स्कच्या आघाडीवर तो टँकमधून उतरून अहवाल द्यायला निघाला आणि उखळी तोफेच्या गोळ्याच्या तुकड्याने गेला. तेव्हा ऑर्डर ऑफ लेनिन मिळालं. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब थेट ५ मे १९९० रोजी. हा उशीर अन्यायच होता.