फुप्फुसाच्या आवरणातील गाठ मेसोथेलिओमा (आवरणाच्याच पेशींचा कर्करोग) आहे की ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा, इथे पसरलेला कर्करोग), हे ऊतक-रंजनाने कसे ठरवतात?

नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात हे दोन्ही कर्करोग इतके सारखे दिसू शकतात की केवळ पेशींच्या ठेवणीवरून निदान करणे धोक्याचे ठरते. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून किमान दोन मेसोथेलियल (आवरणाच्या पेशींचे) आणि दोन कार्सिनोमाचे (ॲडेनोकार्सिनोमा ज्या गटात मोडतो त्याचे) मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिने, एकत्र तपासतात. मेसोथेलिओमात कॅलरेटिनिन या मेसोथेलियल मार्करचा तपकिरी रंग पेशीद्रवासोबत केंद्रकातही उमटतो, आणि केंद्रक रंगलेले पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. डब्ल्यूटी-१ हा दुसरा मेसोथेलियल मार्करसुद्धा केंद्रकातच पाहावा. क्लॉडिन-४ हा कार्सिनोमाचा मार्कर ठळक आला तर कौल कार्सिनोमाकडे झुकतो. सोबत टीटीएफ-१ हा फुप्फुसाच्या पेशींत आढळणारा मार्कर असल्यास उगम बहुधा फुप्फुसातला असतो. मेसोथेलिओमाच्या सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींच्या) प्रकारात मात्र मेसोथेलियल मार्कर अनेकदा उमटतच नाहीत, तेव्हा रुग्णाचा सीटी स्कॅन स्लाइडसोबत पाहूनच मत द्यावे.